फुटलेल्या आवाजाखालचा आवाज



पालघर-बोईसरचा माणूस मुंबईला निघाला की 'ऑपेरा हाऊस' हे नाव त्याच्या तोंडी कधी ना कधी येतंच. चर्नी रोडला उतरायचं आणि चालत जायचं. कुणाचं हिरेबाजारात काम असतं, कुणाचं दवाखान्यात. पण ज्या इमारतीवरून हे नाव पडलं तिथं काय होत असे, असं विचारलं तर बरेच जण सांगतील, 'सिनेमा'. सिनेमा तिथं नंतर आला. १९११ साली बादशहा पंचम जॉर्ज यांनी उद्घाटन केलेलं ते थिएटर बांधलं होतं गाण्याच्या नाटकांसाठी. आणि गाणंही कसं, तर माईकशिवायचं.

ऑपेरा म्हणजे युरोपातलं संगीत नाटक. आपल्या संगीत नाटकात संवाद बोलतात आणि मधे पदं गातात; ऑपेरात बहुतेक संवादही गाऊनच म्हणतात. नायकाचं काम बहुधा टेनरकडे असतं. टेनर म्हणजे पुरुषाचा उंच पट्टीतला आवाज. पुढ्यात साठ-सत्तर वादक, समोर दोन-तीन हजार प्रेक्षक आणि तोंडापुढे माईक नाही. मग शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू कसं जातं? ओरडून नव्हे. ओरडणाऱ्याचा गळा कायमचा बसेल. वर्षानुवर्षांच्या रियाजानं घशाची पोकळी अशी साधतात की आवाजाचं बळ ३००० हर्ट्झच्या आसपास एकवटतं. तिथं वाद्यवृंदाचा जोर कमी असतो आणि माणसाचा कान मात्र तिथं तल्लख असतो. तेवढ्या फटीतून टेनर आपली वाट काढतो.

विसाव्या शतकातला सर्वांत लोकप्रिय टेनर म्हणजे लुचियानो पावारोत्ती. १९३५ साली इटलीतल्या मोडेना गावी जन्मला. बाप बेकरीत पाव भाजायचा, आई सिगारच्या कारखान्यात कामाला. बापाचा आवाज मोठा गोड, पण रंगमंचाचं भय वाटायचं म्हणून तो चर्चमध्ये आणि गावच्या गायकवृंदातच गात राहिला. मुलगा लहानपणापासून त्याच्या शेजारी उभा राहून गायचा. आवाज फुटला, वय वाढलं, तरी शेजारची जागा सुटली नाही. १९५५ साली या बापलेकांच्या गायकवृंदानं वेल्समधल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळवलं. पावारोत्तीनं प्राथमिक शाळेत शिकवलं, विमा विकला. आरिगो पोला नावाच्या गुरूनं त्याला फी न घेता शिकवलं. १९६१ साली, पंचविसाव्या वर्षी, त्याला पहिली मोठी भूमिका मिळाली. १९७२ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात त्यानं एकाच गाण्यात नऊ वेळा तो प्रसिद्ध उंच 'सी' लावला आणि तो जगाला माहीत झाला. २००७ साली तो गेला, तेव्हा पुन्हा मोडेनाच्याच मातीत विसावला.

मला यातली 'आवाज फुटला तरी शेजारची जागा सुटली नाही' ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते. का, ते सांगतो.

माझा धाकटा भाऊ लहानपणी नात गायचा. ईद-मिलादला तो उभा राहिला की आमच्या मोहल्ल्यातच नव्हे, पलीकडच्या आळीतही माणसं हातातलं काम ठेवून ऐकत. चौदाव्या वर्षी एका कार्यक्रमात वरच्या सुरावर त्याचा आवाज चिरकला. लोक हसले. त्यात कुणाचं वाईट मन नव्हतं. पोरगा मोठा झाला म्हणून कौतुकानंच हसले असतील. "आता आवाज फुटला, गाणं संपलं," असं एका जाणत्या माणसानं सांगून टाकलं. त्याच्या जागी दुसरा लहान मुलगा आला. भावानं पुढं तीस वर्षं तारापूरच्या एमआयडीसीत पाळ्या केल्या, घर उभं केलं, मुली शिकवल्या. गायला मात्र कधी नाही, न्हाणीघरातसुद्धा नाही.

आवाज फुटणं म्हणजे मोडणं नव्हे. बारा ते पंधराच्या सुमारास मुलाचा स्वरयंत्राचा सांगाडा वाढतो, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज साधारण एका सप्तकानं खाली येतो. काही महिने, कधी वर्ष-दोन वर्षं, तो कह्यात राहत नाही. मग स्थिरावतो. टेनर जन्मतो तो त्यानंतर. फुटलेल्या आवाजाखाली दुसरा आवाज वाट बघत असतो, हे आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

आपल्या नाटक कंपन्यांना ते ठाऊक होतं. मास्टर दीनानाथ मंगेशकर १९१४ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, किर्लोस्कर नाटक मंडळीत आले. म्हणजे ऐन धोक्याच्या वयात. चारच वर्षांनी त्यांनी भागीदारांबरोबर बळवंत संगीत नाटक मंडळी काढली. 'भावबंधन'मधली लतिका त्यांचीच आणि 'मानापमान'मधला धैर्यधरही त्यांचाच. आपल्याकडे टेनर हा शब्द नाही, पण तो उंच, टोकदार, दाणेदार गळा दुसरं काय होता? उण्यापुऱ्या ४१ वर्षांचं आयुष्य. १९४२ साली ते गेले. त्यांचा आवाज त्या चर्नी रोडच्या ऑपेरा हाऊसनंही ऐकला आहे.

ते थिएटर १९९३ साली बंद पडलं आणि २०१६च्या ऑक्टोबरात पुन्हा उघडलं. त्या वेळी गायल्या पॅट्रिशिया रोझारिओ. टेनर नव्हे, सोप्रानो, म्हणजे स्त्रीचा सर्वांत उंच आवाज. मुंबईत जन्मलेल्या, गोव्याकडच्या घरातल्या. लंडनच्या गिल्डहॉलमध्ये शिकल्या. जॉन टॅव्हनर या इंग्रज संगीतकारानं त्यांच्या गळ्यासाठी तीसहून अधिक रचना केल्या. याच टॅव्हनरनं पुढं २००७ साली अल्लाहची नव्याण्णव नावं स्वरबद्ध केली. लंडनच्या वेस्टमिन्स्टर कॅथीड्रलमध्ये, म्हणजे कॅथॉलिकांच्या मोठ्या चर्चमध्ये, ती एका टेनरनं गायली. लहानपणी तसबीह ओढताना पाठ केलेली ती नावं तिथंवर पोचली, याचं मला अप्रूप आहे.

पण रोझारिओंचं मला अधिक मोल वाटतं ते दुसऱ्याच कामासाठी. जगभर नाव झाल्यावर त्या २००९ पासून भारतात येऊन इथल्या मुलामुलींना शिकवू लागल्या. पोलानं पावारोत्तीसाठी केलं तेच.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहा. वसईच्या चर्चमध्ये मराठी गीतं गाणारे गायकवृंद आहेत. जव्हार-डहाणूकडे वारल्यांच्या लग्नात धवलेरी तासन् तास गाते, तीही माईकशिवाय. गावोगाव भजनी मंडळं आहेत, कव्वाल आहेत, बांग देणारे आहेत. बोईसरच्या चाळींत तर साऱ्या देशाचे गळे राहायला आले आहेत. गळ्यांची वाण नाही. वाण आहे ती चौदा वर्षांच्या मुलाला शेजारी उभं करून घेणाऱ्याची. गायकवृंदात एक सोय असते: मुलाचा आवाज उतरला की त्याला घरी पाठवत नाहीत, मागच्या रांगेत मोठ्या पुरुषांत उभं करतात. खालचा सूर धरायला सांगतात. रांग बदलते, गाणं सुटत नाही.

शाळांमधल्या गुरुजनांना, भजनी मंडळांतल्या बुवांना, नात शिकवणाऱ्या उस्तादांना माझी एवढीच विनंती आहे. पुढच्या स्नेहसंमेलनात आठवी-नववीतल्या ज्या मुलाचं नाव तुम्ही गाण्याच्या यादीतून काढणार असाल, ते काढू नका. त्याची पट्टी उतरवा आणि त्याला मागच्या रांगेत उभं करा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)