तळपाय राखणाऱ्या स्त्रिया

वसईच्या मिठागरांत खाऱ्या पाण्यात अनवाणी उभा राहणारा मजूर, अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर मासळी सुकवणारी कोळीण आणि विरारहून गाडीत उभ्याने मुंबई गाठणारा कामगार, या सर्वांचे पोट पायांवर चालते. पाय गेला की रोजगार जातो आणि घर कर्जात बुडते. तरीही आरोग्यव्यवस्थेने पायाचा विचार सर्वांत शेवटी केला.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लक्ष लोकांना मधुमेह आहे. मधुमेह जुना झाला की पायाच्या नसा बधिर होतात. काटा रुततो, चप्पल घासते, घट्ट्याखाली जखम होते. पण वेदनाच नसल्याने रोगी चालतच राहतो. जखम चिघळते आणि अखेर पाय कापावा लागतो. पालघर जिल्ह्यात आजही आढळणाऱ्या कुष्ठरोगातही बधिरतेचे हेच दुष्टचक्र असते. हे थांबविण्यास मोठी यंत्रसामग्री लागत नाही. १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा एक तंतू तळव्याला लावला आणि रोग्याला स्पर्श कळला नाही, तर धोका ओळखता येतो. पुढचे काम नित्याच्या तपासणीचे, योग्य पादत्राणाचे आणि वेळीच केलेल्या मलमपट्टीचे.

हे काम कोण करते? पुष्कळ देशांत त्यासाठी पोडिअ‍ॅट्रिस्ट, म्हणजे पादचिकित्सक, हा स्वतंत्र व्यवसाय आहे. भारतात तो नुकता कोठे रुजू लागला आहे. येथे ते काम बव्हंशी स्त्रियांच्या वाट्याला येते. रुग्णालयात परिचारिका जखम धुते. वस्तीत आशा कार्यकर्ती तीस वर्षांवरील प्रत्येकाचा तपासणी तक्ता भरते. तळव्याला मुंग्या येतात काय, बधिरपणा आहे काय, जखम पुनःपुन्हा होते काय, हे प्रश्न त्या तक्त्यातच आहेत. असा एक तक्ता भरण्याचा केंद्राने ठरविलेला मोबदला आहे १० रुपये, तोही एकदाच. ही स्त्री शासनाच्या लेखी ‘स्वयंसेविका’ आहे, म्हणून किमान वेतनाचा कायदा तिच्या दारापर्यंत पोहोचत नाही.

या कामात परिचारिकेचे स्थान बरोबरीचे असू शकते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांचा ज्यात पुढाकार होता, त्या २००४ सालच्या प्रशिक्षण उपक्रमात एक डॉक्टर व एक परिचारिका अशा जोड्या शिकविल्या गेल्या. जखमेजवळ रोज बसणारीला ज्ञान दिल्याखेरीज पाय वाचत नाहीत, हे त्यात मान्य केलेले होते.

मार्च २०२१ मध्ये संमत झालेल्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या केंद्रीय कायद्याने आपल्या अनुसूचीत पादचिकित्सकाचे नाव घातले. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु त्या कायद्यानुसार संलग्न आरोग्य व्यावसायिकास किमान २,००० तासांचे आणि आरोग्यसेवा व्यावसायिकास किमान ३,६०० तासांचे शिक्षण आवश्यक आहे. शिक्षणाची अट रास्तच आहे. अडाणी हातात शस्त्र देणे रोग्याच्या हिताचे नाही. प्रश्न असा की, हे तास कोणाला परवडतील? ज्यांनी वर्षानुवर्षे जखमा धुतल्या, त्यांच्यासाठी वेतनासह शिक्षणाची वाट ठेवली नाही, तर पदवी पैसेवाल्यांच्या मुलांना मिळेल आणि पट्टी बांधण्याचे काम मात्र त्याच स्त्रियांकडे राहील.

येथे इंग्लंडचा अनुभव उपयोगी पडतो. तेथे पादचिकित्सकांच्या पाच विखुरलेल्या संस्था १९४५ साली एकत्र आल्या. त्यांची आजची संस्था व्यावसायिक परिषद आहे, तशीच कामगार संघटनाही आहे. तेथे या व्यवसायात बहुसंख्य स्त्रियाच आहेत. एकट्या दवाखान्यात काम करणारीला नवे ज्ञान, सल्ला आणि अन्यायाच्या वेळी पाठबळ एकाच ठिकाणाहून मिळते. ज्ञान आणि हक्क यांची फारकत त्यांनी होऊ दिली नाही.

महाराष्ट्रातील आशांनी ऑक्टोबर २०२३ व जानेवारी २०२४ मधील संपांनी आपली एकजूट सिद्ध केलीच आहे. वसई-विरारमध्ये त्या एकजुटीला पुढचा जोड द्यावयाचा आहे. पालिकेच्या व खाजगी रुग्णालयांतील परिचारिका, वस्त्यांतील आशा आणि पायाच्या मापाने चप्पल शिवणारे कारागीर यांची महिन्यातून एक बैठक भरावी. कठीण जखमेविषयी तेथे सल्ला मिळावा आणि थकलेल्या मोबदल्याचा प्रश्नही तेथेच मांडला जावा. मागण्याही मोजक्या असाव्यात : प्रत्येक आरोग्य केंद्रात पाय तपासणीचा वार ठरलेला असावा, तेथे प्रशिक्षित परिचारिका व तो साधा तंतू असावा, अनुभवी स्त्रियांना वेतनासह शिक्षण मिळावे, आणि आशांना कामगाराचा दर्जा द्यावा.

मित्रहो, कार्यकर्त्यांनी यासाठी मोर्च्याची वाट पाहू नये. आपल्या वॉर्डातील आशाताईंना भेटून त्यांचे म्हणणे ऐकावे आणि पहिल्या बैठकीसाठी शाखेची खोली उघडून द्यावी.