पावसाचे पाणी जाते कोठे?



आजच्या व्याख्यानाचा विषय मी कळवला, तेव्हा संयोजकांना थोडा संकोच वाटला असावा. गटार, खराटा, रंगाऱ्याचा डबा, माळ्याची खताची पोती या गोष्टी व्यासपीठावरून बोलावयाच्या नसतात असा आपल्याकडे समज आहे. म्हणून आरंभीच एक कबुली देतो.

सुमारे तीस वर्षांपूर्वी मी एका वसतिगृहाचा अधीक्षक होतो. पावसाळ्यापूर्वी गच्चीवरची पाण्याची टाकी धुऊन घेण्याचा तेथे प्रघात होता. मी हौसेने ब्लीचिंग पावडर भरपूर टाकावयास सांगितले, टाकी रात्रभर भरून ठेवली आणि सकाळी सारे पाणी मोकळे सोडून दिले. ते पन्हळीतून खाली आले, भिंतीलगतच्या गटारात शिरले आणि दृष्टिआड झाले. दुसऱ्या दिवशी आवाराच्या खालच्या अंगाला असलेल्या तळ्यात मासे पांढरी पोटे वर करून तरंगत होते. आमच्या वृद्ध माळ्याने मला तेथे नेऊन उभे केले. "साहेब, वसतिगृहाचं गटार इथंच उतरतं," एवढेच तो म्हणाला. मला ते ठाऊक नव्हते. त्याला ठाऊक होते. परंतु त्याला कोणी विचारले नव्हते.

माझी चूक अज्ञानाची होती, आणि ते अज्ञान सुशिक्षितांत सर्रास आढळते. जमिनीखाली गेलेले पाणी कोठेतरी शुद्ध होत असेल, असे आपण धरून चालतो. वास्तविक जेथे दोन स्वतंत्र वाहिन्या असतात, तेथे न्हाणीघर-शौचालयाचे पाणी शुद्धीकरण केंद्राकडे जाते, निदान जावे अशी अपेक्षा असते. रस्त्याकडेच्या जाळीतून आत जाणारे पावसाचे पाणी मात्र कोणत्याही गाळणीवाचून थेट ओढ्याला, तळ्याला किंवा खाडीला मिळते. (काही जुन्या शहरांत दोन्हींसाठी एकच वाहिनी असते, तेथील अडचणी निराळ्या आहेत.) तेव्हा जाळीच्या तोंडाशी जे सांडले, ते ओढ्यात सांडले असेच समजावयाचे.

या बाबतीत कॅलिफोर्नियातील बर्कले येथील विद्यापीठाचे उदाहरण मला फार बोलके वाटते. त्या विद्यापीठाच्या आवारातून स्ट्रॉबेरी क्रीक नावाचा ओढा वाहतो. मागच्या डोंगरातून येणारे त्याचे दोन फाटे आवाराच्या पश्चिम भागात, निलगिरीच्या उंच झाडांच्या राईत, एकत्र येतात. पुढे ओढा शहराखालच्या बोगद्यांत शिरतो आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराला मिळतो. एकोणिसाव्या शतकात विद्यापीठासाठी ही जागा निवडली गेली, तिच्या आकर्षणांत हा ओढाही होता. पण विद्यापीठ वाढले, भोवती शहर वाढले, आणि ओढा नासला. 1987 मध्ये त्याच्या व्यवस्थापनाची एक योजना तयार झाली. मैलापाण्याची गळती आणि चुकीच्या जोडण्या शोधून दुरुस्त करण्यात आल्या, काठांची धूप थांबविण्यात आली. 1989 मध्ये तेथील मूळचे काटेरी पाठीचे छोटे मासे पुन्हा ओढ्यात सोडण्यात आले.

हे वाचताना आपल्याला एक गोष्ट जवळची वाटावी. कॅलिफोर्नियात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा जवळजवळ कोरडा जातो. म्हणजे कित्येक महिने रस्त्यांवर तेल, धूळ, टायरांची झीज, पाखरांची विष्ठा, कुजका पाला यांचे थर साचत राहतात आणि पहिल्या मोठ्या सरीत ते सारे एकदम वाहून जाते. आपल्या मृगाच्या पहिल्या सरीचे पाणी गटारात काळे कसे दिसते, ते आठवा. म्हणून आवार झाडण्याचे खरे महत्त्व पाऊस सुरू होण्यापूर्वीच्या पंधरवड्यात आहे. पाऊस पडून गेल्यावर रस्ते स्वच्छ दिसतात, कारण कचरा तोवर ओढ्यात गेलेला असतो.

अमेरिकेत 1972 च्या जलशुद्धतेच्या कायद्यात 1987 साली पावसाच्या पाण्याविषयी तरतूद घालण्यात आली. 1999 च्या नियमांनी लहान शहरांप्रमाणेच विद्यापीठे, रुग्णालये, तुरुंग अशा स्वतःची गटारे असलेल्या संस्थाही त्या कक्षेत आणल्या. त्या नियमांत देखभालीच्या कामांना जे नाव दिले आहे, त्याचा सरळ अर्थ 'घरकाम नीट ठेवणे' असा होतो. कायद्याच्या पुस्तकात असा घरगुती शब्द क्वचितच आढळतो, आणि मला तो अगदी योग्य वाटतो.

हे घरकाम म्हणजे काय? रंगाऱ्याने पाण्यात मिसळणाऱ्या रंगाचे कुंचले मोरीत धुवावेत, अंगणातल्या जाळीवर नव्हे. टर्पेंटाइनचा रंग असेल तर तो मोरीतही नको. गवंडी संध्याकाळी घमेली आणि थापी जेथे धुतो, ते पाणी चुन्याच्या निवळीसारखे दाहक असते. थोड्याच वेळात ते लहान ओढ्यातील मासे मारू शकते. त्यासाठी एका बाजूला खड्डा खणून ठेवावा. पाणी आटले की घट्ट झालेले सिमेंट उचलून नेता येते. वाहनाचे तेल सांडले तर पाइप लावून धुणे हा सर्वांत वाईट उपाय. त्यावर लाकडाचा भुसा किंवा कोरडी माती टाकावी, ती तेल शोषून घेते. मग सारे झाडून भरून ठेवावे.

पाल्यापाचोळ्याविषयी लोकांना नवल वाटते. पाने तर नैसर्गिक, त्यांचे काय? पण एका झाडाखाली पडणारी पाने निराळी आणि दहा एकरांवरची पाने खराट्याने गटारात लोटणे निराळे. ती साचलेल्या पाण्यात कुजू लागली की पाण्यातील प्राणवायू संपतो, आणि त्यांतून सुटणाऱ्या फॉस्फरसावर शेवाळ माजते. पाऊस येणार म्हणून माळी आदल्या दिवशी खत पसरतो, त्याचीही गत तीच; ते मुळांना मिळण्याआधी तळ्याला मिळते.

आणि माझी टाकी! आपण निर्धास्तपणे पितो त्या नळाच्या पाण्यातील क्लोरीनही माशांच्या कल्ल्यांना सोसत नाही. मी सोडलेले पाणी तर त्याहून कितीतरी तीव्र होते. असे पाणी मैलापाण्याच्या वाहिनीत सोडता येते, किंवा छायाचित्रकार 'हायपो' म्हणून वापरतात तो सोडियम थायोसल्फेट घालून त्यातला क्लोरीन मारता येतो. मुद्दा रसायनाचा कमी आणि आधी विचारण्याचा अधिक होता.

या उपायांना मर्यादा आहेत, हे लपविण्यात अर्थ नाही. त्याच बर्कलेच्या ओढ्यात 2011 च्या डिसेंबरमध्ये एका इमारतीच्या आपत्कालीन जनित्रासाठी साठविलेले हजाराहून अधिक गॅलन डिझेल उतरले. चोवीस वर्षांची योजना असतानाही ते घडले. आणि 2020 साली संशोधकांनी दाखवून दिले की, अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील ओढ्यांत पावसानंतर कोहो जातीचे सामन मासे मरतात, ते टायरांतील एका संरक्षक द्रव्यापासून बनणाऱ्या विषाने. ते काही खराट्याच्या आवाक्यातले नाही. ते पाणी मातीच्या थरातून मुरवूनच पुढे सोडावे लागते, आणि टायर बनविणाऱ्यांना दुसरे द्रव्य शोधावे लागेल.

तळ्यातील त्या सकाळीनंतर मी माळ्याला बरोबर घेऊन आवारातली प्रत्येक जाळी पाहिली. तो पुढे, मी कागद-पेन्सिल घेऊन मागे. जेथे त्यालाही खात्री नव्हती, तेथे आम्ही निरुपद्रवी रंग घातलेले पाणी बादलीने ओतले आणि ते कोठे निघते याची वाट पाहिली. स्वयंपाकघराच्या मोरीचे पाणी तळ्यात येत होते, हे तेव्हा उघड झाले. तो नकाशा तयार व्हायला चार दिवस लागले, आणि मोरीची जोडणी बदलून घ्यायला चौदा महिने.

या सभागृहाच्या मागच्या दाराशीही एक जाळी आहे. येताना मी ती पाहिली. तिच्यावर चहाचा चोथा पडला होता आणि शेजारी रंगाचा एक उघडा डबा होता. तिचे पाणी कोठे जाते, हे मी तिघांना विचारले. तिघांनी तीन दिशा दाखविल्या.