पदराची गाठ

(सहाय्यकांच्या वार्षिक मेळाव्यात आपल्या दवाखान्यातील परिचारिकेने केलेले भाषण)





माझी आई बाजाराला निघाली की पदराला गाठ मारायची. एक गाठ मिठाची, दुसरी वडिलांच्या औषधाची. गाठीवर काही लिहिलेलं नसे, पण बाजारात पदर हाताला लागला की तिला नेमकं आठवायचं. आम्ही मुलं हसायचो. त्या गाठीचं मोल मला फार उशिरा कळलं, आणि ते शिकवलं सातपुड्यातल्या एका पाड्यावरच्या आजीने.

क्षयरोगाचं औषध निदान सहा महिने न चुकता घ्यावं लागतं. पहिल्या दोन-एक महिन्यांतच खोकला कमी होतो, भूक लागते, माणूस पुन्हा शेतात जायला लागतो. बरं वाटू लागलं की गोळी विसरते. मध्येच सोडली तर रोग उलटतो, कधी नेहमीच्या औषधाला दाद देईनासा होतो, आणि घरातल्या लेकरांनाही धोका असतो.

असाच एक तरुण भाऊ दवाखान्यात आला. गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी. म्हणाला, "विसरलो, सिस्टर." मी सगळ्यांदेखत त्याला बोलले. "तुलाच जिवाची पर्वा नाही, तर आम्ही डोंगर कशाला चढायचे?" तो खाली मान घालून गेला, तो परत आलाच नाही. दोन महिन्यांनी त्याला झोळीतून आणला. खोकल्यातून रक्त पडत होतं.

प्रभूच्या कृपेने तो वाचला. उपचार पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. त्या वेळी त्याची आई मला म्हणाली, "सिस्टर, तुम्हीच त्याला सांगितलं होतं ना, गोळ्या पेटीत जपून ठेव? पेटी आम्ही सणालाच उघडतो. तो रोज उठला की आधी खुंटीवरची कुऱ्हाड काढतो. गोळ्या तिथे टांगा."

त्या खुंटीला, लेकरांचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर, आम्ही गोळ्यांची पिशवी टांगली. त्यानंतर त्याची एकही गोळी चुकली नाही. औषध तेच होतं आणि माणूसही तोच होता. मी मात्र त्याला खूण न देता नुसती बोलणी दिली होती.

पुढे मी या विषयावर थोडं वाचलं. १८८५ साली हर्मन एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं, की अर्थ नसलेली अक्षरं पाठ केली तर त्यांतली बरीचशी पहिल्या काही तासांतच निसटतात. दवाखान्यात घाईघाईने सांगितलेल्या सूचनांचंही असंच होत असणार. पण मला जास्त भावला तो १९६६ सालचा एंडेल टल्विंग आणि त्यांच्या सहकाऱ्याचा प्रयोग. त्यांनी लोकांना शब्दांच्या याद्या दिल्या. शब्द गटागटाने होते, जसे प्राणी किंवा फळं. नुसतं "आठवा" म्हटल्यावर पुष्कळ शब्द आठवेनात. मग गटांची नावं सांगितली, तेव्हा त्याच लोकांना आणखी कितीतरी शब्द आठवले. म्हणजे ते शब्द हरवले नव्हते. आत होते, फक्त दार सापडत नव्हतं. खूण म्हणजे त्या दाराची कडी.

आपल्या वसतिगृहातही मी हेच पाहते. नवीन आलेला एक मुलगा शाळेत झाडांच्या धड्यावर एक अक्षर बोलेना. सगळे म्हणाले, याच्या काही लक्षात राहत नाही. एकदा स्वयंपाकाच्या मावशींनी त्याच्या हातावर मोहाचं फूल ठेवलं आणि त्याच्या बोलीत विचारलं. मग तो थांबेना! मोह कधी फुलतो, फुलं पहाटे कशी गळतात, कोण वेचतं, कशी वाळवतात, सगळं सांगितलं. त्याला येत होतं. आमच्या प्रश्नात त्याच्या ओळखीची खूण नव्हती.

शास्त्रातला पेत्र आठवा. प्रभूने त्याला आधीच सांगितलं होतं, तरी त्या रात्री अंगणात तो ते विसरला. कोंबडा आरवला आणि प्रभूचे शब्द त्याला आठवले. तो बाहेर जाऊन रडला, आणि तिथूनच त्याचं परतणं सुरू झालं. यार्देन ओलांडल्यावर यहोशवाने बारा धोंडे उभे करवले, तेही यासाठीच, की पुढे मुलांनी विचारावं, हे कशाचे? देवाला आपला विसराळूपणा ठाऊक आहे. म्हणून तो आपल्याला खुणा देतो. भाकर आणि द्राक्षारस ही तर आपली सर्वांत मोठी खूण.

आता थोडं तुमच्याविषयी. आज तुम्ही मनापासून म्हणाल, "सिस्टर, आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करू." घरी गेल्यावर कामाच्या रगाड्यात ते राहून जाईल. त्याचा अर्थ तुमची प्रीती कमी आहे असा मी मुळीच घेत नाही. तुम्हाला फक्त एक गाठ हवी आहे.

ती कशी मारायची हे मिझोरामच्या आदिवासी ख्रिस्ती बहिणींकडून शिकू या. १९१० पासून त्या भात शिजवताना दर वेळी एक मूठ तांदूळ देवाच्या कामासाठी बाजूला काढतात. वेगळी आठवण ठेवावी लागत नाही, चूल पेटली की आठवण होतेच. त्या मुठीमुठीतून तिथल्या मंडळीचं केवढं तरी काम उभं राहिलं आहे.

तुम्हीही रोजच्या एखाद्या कामाला आमचं नाव बांधा. कुकर लावताना वसतिगृहातल्या मुलांची, स्वतःची गोळी घेताना पाड्यावरच्या एका रुग्णाची आठवण करा. अर्ध्या मिनिटाची प्रार्थनाही पुरे.

आणि घरात कोणी विसरलं, सून, नातू किंवा म्हातारे वडील, तर बोलण्याआधी एकदा स्वतःला विचारा, मी यांना खूण दिली होती का? हा प्रश्न मी त्या भावाच्या बाबतीत विचारला असता, तर त्याला झोळीतून यावं लागलं नसतं.

आता त्याच्या घरी गेले की मी आधी त्या खुंटीकडे पाहते. पिशवी रिकामीच आहे, पण त्याने ती काढलेली नाही.

देव आपणां सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.