न दिसणारे दुखणे आणि रांग



रांग ही आपल्या सर्वांच्या ओळखीची गोष्ट. आषाढीला पंढरपुरात दर्शनबारीत उभे राहावे लागते, रेशनच्या दुकानापुढे उभे राहावे लागते, सरकारी दवाखान्यात केसपेपर काढायलाही उभे राहावे लागते. रांगेचा न्याय सोपा आहे. जो आधी आला, त्याचे काम आधी. हा न्याय चांगलाच आहे; पण तो एक गोष्ट गृहीत धरून चालतो. ती ही, की उभे राहणे सर्वांना सारखेच जमते. ज्याच्या काखेत कुबडी आहे, ज्याच्या हातात पांढरी काठी आहे, त्याला आपण वाट करून देतो. पण ज्याचे दुखणे डोळ्यांना दिसतच नाही, त्याने काय करावे?

या प्रश्नाकडे माझे लक्ष वेधले ते एका पत्राने. माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त अमेरिकेत फ्लॉरिडा राज्यात राहतो. त्याला सिकलसेलचा आजार आहे. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि लवचीक असतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मग हाडांत, सांध्यांत, छातीत असह्य कळा येतात. कडक ऊन, अंगातले पाणी कमी होणे, फार दमणूक, एकदम गारठा, यांपैकी काहीही त्याला निमित्त पुरते. एरवी माणूस तुमच्या-आमच्यासारखाच हिंडतो, फिरतो, हसतो.

हा गृहस्थ गेल्या उन्हाळ्यात बायकोला आणि दहा वर्षांच्या मुलीला घेऊन तिथल्या एका मोठ्या करमणुकीच्या उद्यानात गेला होता. आपल्या जत्रेत पाळणे असतात ना, तसेच हे. पण शंभर पटींनी मोठे. वॉल्ट डिस्ने या चित्रपटनिर्मात्याने १९५५ च्या जुलैमध्ये कॅलिफोर्नियात असे पहिले डिस्नेलँड उघडले. फ्लॉरिडातले त्याहून विस्तीर्ण उद्यान १९७१ साली सुरू झाले. आज तिथे अशी अनेक कंपन्यांची उद्याने आहेत. पाळणा पाच मिनिटांचा असतो आणि त्यासाठी तासभर, कधी दोन तास रांगेत उभे राहावे लागते. फ्लॉरिडातला उन्हाळा म्हणजे आपल्या कोकणातला मे महिना समजा. ऊन आहे आणि घामही आहे.

अमेरिकेत १९९० साली अपंगांच्या हक्कांचा मोठा कायदा झाला. जे ठिकाण लोकांसाठी खुले आहे, मग ते खाजगी का असेना, तिथे अपंग माणसासाठी वाजवी फेरफार करून दिलेच पाहिजेत, असे तो कायदा सांगतो. त्याला अनुसरून डिस्नेच्या उद्यानांत पूर्वी एक कार्ड मिळे. ते दाखवले की पुष्कळदा बाजूच्या दाराने लवकर आत जाता येई. पण जिथे सवलत असते, तिथे लबाडीही येते. २०१३ साली वर्तमानपत्रांत बातमी आली, की काही धनिक कुटुंबे अपंग माणसाला पैसे देऊन सोबत घेतात आणि त्याच्या आधाराने रांग चुकवतात! त्याच वर्षी ऑक्टोबरात ती पद्धत बंद झाली आणि नवी आली. दहा वाजता रांग एक तासाची असेल, तर तुम्हाला अकराची वेळ मिळणार. मधला तास सावलीत बसा, पाणी प्या, औषध घ्या, अकराला या.

यात रांग मोडली गेली का? नाही. इतर लोक जितका वेळ थांबले, तितकाच वेळ हा माणूसही थांबला. फक्त कुठे थांबायचे, ती जागा बदलली. सवलत या शब्दाने आपल्याला उगाच फुकट काही दिल्यासारखे वाटते, म्हणून हे नीट लक्षात घ्यावे.

पुढे २०२४ साली डिस्नेने हा नियम आणखी आवळला. आत्ममग्नता किंवा तत्सम विकासात्मक अपंगत्वामुळे ज्यांना रांगेत फार वेळ थांबणे अशक्य, त्यांच्यापुरतीच ही सोय मुख्यतः ठेवली. बाकीच्यांना दुसरे मार्ग सुचवले. उदाहरणार्थ, गरज पडली तर रांगेतून बाहेर पडून परत येणे. सोय वापरणारे पाच वर्षांत तिपटीहून वाढले, असे कंपनीचे म्हणणे होते. उलट आतड्याचे विकार, हृदयाचे ठोके बिघडण्याचे विकार, अशी न दिसणारी दुखणी असलेले लोक फार नाराज झाले. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. सर्वांनाच वेगळी वाट दिली, तर त्या वाटेवरही रांग लागेल, हे खरे. पण लबाडी करतो एक आणि तिची किंमत खराखुरा आजारी माणूस भरतो, हेही तितकेच खरे.

आता पत्राकडे वळू. माझा विद्यार्थी लिहितो, की जाण्याआधीच उद्यानाशी बोलून घ्यावे. तिथे आजाराचे नाव नुसते सांगून भागत नाही. आपल्याला काय जमत नाही, ते सांगावे लागते. त्याने सांगितले, "मला उन्हात पाऊण तास उभे राहता येत नाही. पाणी सतत जवळ लागते. कळ सुरू झाली, तर ताबडतोब बाहेर पडावे लागते." या तीन वाक्यांनी काम झाले. बायको व मुलगी रांगेत राहिल्या, हा सावलीत बसला आणि त्यांची पाळी जवळ आल्यावर त्यांना जाऊन मिळाला. पाण्यात भिजवणारे पाळणे त्याने मुळीच घेतले नाहीत. गार पाण्याचा धोका त्याला ठाऊक होता. दुपारी दोन तास विश्रांती घेतली.

पण रांगेच्या कडेने तो पुढे जात असताना कोणीतरी मोठ्याने म्हणाले, "चांगला धडधाकट तर दिसतोय!" मुलीने ते ऐकले आणि तिचा चेहरा उतरला. विद्यार्थी पुढे लिहितो, "सर, मला त्याचा राग आला नाही. त्याला जे दिसले, ते तो बोलला."

श्रोतेहो, हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. कारण हाच मुलगा आमच्या कॉलेजात असताना एका २६ जानेवारीच्या सकाळी, झेंडावंदनाच्या वेळी, ओळ सोडून पायरीवर बसला होता. विदर्भातली थंडी तुम्हाला ठाऊक आहेच. मी त्याच्याजवळ गेलो आणि सर्वांच्या देखत म्हणालो, "चांगला धडधाकट दिसतोस की! थोडा वेळ उभे राहवत नाही?" तो मुकाट्याने उठून उभा राहिला. पुढचे चार दिवस तो दवाखान्यात होता. पत्रात त्याने त्या प्रसंगाचा एका शब्दानेही उल्लेख केलेला नाही. तो विसरला असेल काय? मला तसे वाटत नाही.

सिकलसेल हा काही परदेशातला आजार नव्हे. तो विदर्भात आहे, गडचिरोलीत आहे, नंदुरबारमध्ये आहे. आपल्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने २०१६ साली एकवीस प्रकारची अपंगत्वे मान्य केली. त्यांत सिकलसेल आहे, थॅलेसेमिया आहे, हिमोफिलियाही आहे. म्हणजे जे डोळ्यांना दिसत नाही, ते कायद्याने पाहिले आहे. आता आपण पाहायचे राहिले आहे.

शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे. एखादे मूल वारंवार पाणी प्यायला जाऊ द्या म्हणते, कवायतीत खाली बसते, लघवीला जाऊ द्या म्हणून हात वर करते; त्याला आळशी ठरवण्याआधी बाजूला घेऊन विचारा. चार पोरांच्या देखत विचारू नका. आणि "तुला झालेय तरी काय?" असे न विचारता "तुला काय लागते?" असे विचारा. पहिल्या प्रश्नाने मूल गप्प होते, दुसऱ्याने बोलू लागते. पालकांनीही आजार लपवू नये. मुलाला काय जमते आणि काय जमत नाही, ते शाळेला स्पष्ट सांगावे.

कोणी तुम्हाला फसवणारच नाही, असे मी म्हणत नाही. दहांत एखादा फसवीलही. पण फसलो, तर आपला फार तर एक नंबर मागे जाईल. खऱ्या आजारी माणसाला खोटे ठरवले, तर काय होते, ते मी पाहिले आहे.

त्या पत्राला मी उत्तर लिहिले आहे. त्यात पहिल्याच ओळीत त्या २६ जानेवारीची माफी मागितली आहे. ती फार उशिरा मागितली, एवढेच वाईट वाटते.