राजा, देव आणि पाषाण

(कोल्हापूर येथे दिलेल्या व्याख्यानातील अंश)



इजिप्तच्या दक्षिण टोकाला अबू सिम्बेल येथे डोंगर कोरून रामसेस दुसरा या सम्राटाचे चार आसनस्थ पुतळे घडविले आहेत. प्रत्येक सुमारे ६५ फूट उंच. राणी आणि राजपुत्र त्याच्या पोटऱ्यांशी, बाहुल्यांएवढे! गर्भगृहात प्ताह, आमून-रा आणि रा-होराख्ती या देवांच्या पंक्तीत चौथा बसला आहे तो स्वतः रामसेस. आतील भिंतींवर तर राजा रामसेस देव रामसेसला नैवेद्य अर्पण करताना दिसतो. जिवंतपणी स्वतःच स्वतःची पूजा मांडणारा असा यजमान विरळाच! त्या चारांपैकी एकाचा वरचा भाग प्राचीन काळीच भूकंपाने कोसळला. त्याचे मस्तक आजही पायांशी पडले आहे.

राजाला देवत्व आपणही दिले. मात्र ते कोणी आणि कधी दिले, हे पाहण्यासारखे आहे. सिंधुदुर्ग किल्ल्यावरील शिवराजेश्वर मंदिर छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, १६९५ मध्ये, म्हणजे शिवप्रभूंच्या महानिर्वाणानंतर पंधरा वर्षांनी उभे राहिले. पुढे राजर्षी शाहू छत्रपतींनी त्याचा सभामंडप बांधविला. तेथील मूर्ती अगदी बेताची आहे. चेहऱ्यावर दाढी नाही आणि मस्तकी आहे ती नावाड्याची टोपी! दर्यावर्दी प्रजेने आपला राजा आपल्याच वेषात पाहिला. रामसेसने प्रजेला पायाशी बसविले, येथे राजाने प्रजेची टोपी घातली.

आपल्या करवीर नगरीचेच पाहा. गव्हर्नर विल्सनचा पुतळा १९४२ च्या आंदोलनात भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हविरे यांनी विद्रूप केला. त्या जागी १९४५ मध्ये बाबूराव पेंटरांनी घडविलेले शिवराय विराजमान झाले. पुतळा अर्धाकृती आहे. पण तो अपुरा आहे, असे कोणा कोल्हापूरकराला कधी वाटले?

आणि सिंधुदुर्गासमोरच, राजकोटावर, ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. प्रत्येक मराठी मनाला ती जखम झाली. २०२५ च्या मे महिन्यात तेथे अधिक उंच पुतळा उभा राहिला, हे योग्यच. परंतु शिल्पकाराला मातीकाम, साचे आणि ओतकाम यांसाठी किती अवधी देणार, हा प्रश्न उंचीच्या आधी विचारला गेला पाहिजे. तो विचारण्याचा अधिकार बाबूराव पेंटर आणि रवींद्र मेस्त्री यांच्या या नगरीला निश्चितच आहे.