शीव आडवी आली म्हणून पोर परकं?

गिरणी कामगार बंधुभगिनींनो,

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, निपाणी, खानापूर मुंबई राज्यातून काढून म्हैसूर राज्यात घातले. घर मराठी, शाळा मराठी. पण कोल्हापूरच्या कॉलेजच्या दारात पोर परराज्यातलं!

आज महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेश-नियमांत या वादग्रस्त सीमाभागातल्या मुलांना राज्यातल्या मुलांच्या रांगेत जागा आहे. दहावी-बारावी सीमाभागातून हवी, मातृभाषा मराठी हवी. ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे! पण दाखला वेळेवर नसेल, तर हक्क कागदावरच राहतो.

तेव्हा गड्यांनो, गावी निरोप धाडा : दाखले आत्ताच काढून ठेवा. सीमेचा दावा २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेला. निकालाची वाट बघत पोराचं वर्ष वाया जाता कामा नये!