काच सांधण्याचा धंदा



आज आम्ही तुमच्याशी एका धंद्याविषयी बोलणार आहोत. मोटारीच्या पुढच्या काचेला खडा लागतो. काचेचा बारीक टवका उडतो. तो टवका वेळेवर भरून काच वाचवायची, हा तो धंदा.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, "गुरुजी, काच का कुठं सांधते? फुटली तं फुटली!" बरोबर आहे. घरातला आरसा फुटला तर सांधत नाही. पण मोटारीची पुढची काच निराळी असते. पुरणपोळीत वर पोळी, खाली पोळी आणि मधे पुरण असते ना? तसेच या काचेचे आहे. बाहेरून एक काच, आतून एक काच आणि मधे चिवट, पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा. म्हणून खडा लागला तरी सहसा बाहेरचीच काच टवकते. आतली शाबूत राहते.

ही युक्ती कशी सुचली? 1903 साली फ्रान्समध्ये एदुआर बेनेदिक्तुस नावाच्या रसायनशास्त्रज्ञाच्या हातून काचेचे भांडे खाली पडले. भांडे तडकले, पण तुकडे विखुरले नाहीत. आत पूर्वी ठेवलेले एक द्रव्य वाळून काचेला चिकटले होते. त्यानेच तुकडे धरून ठेवले. यावरून त्याने अशी काच बनवली आणि 1909 साली तिचे पेटंट घेतले.

मोटारीच्या बाजूच्या काचा मात्र बहुधा एकेरी असतात. त्या तापवून कडक केलेल्या असतात. फुटल्या की त्यांचा साबुदाण्यासारखा चुरा होतो. त्या सांधता येत नाहीत, बदलाव्याच लागतात. हा फरक पहिल्याच दिवशी ध्यानात ठेवा.

आता कोणी विचारेल, हा धंदा आपल्या वाशीम जिल्ह्यात चालेल का? जरा रस्त्यांकडे बघा. नागपूर ते मुंबई 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आपल्या कारंजा, मंगरुळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून गेला आहे. त्याचा नागपूर ते शिर्डी हा भाग 11 डिसेंबर 2022 रोजी सुरू झाला. 5 जून 2025 रोजी शेवटचा तुकडाही खुला झाला. अकोल्याहून वाशीमवरून हिंगोली-नांदेडकडे जाणारा रस्ता आहेच. खडीचे ट्रक आहेत, सोयाबीनच्या गाड्या आहेत. कारंज्याच्या गुरुमंदिराला, पोहरादेवीला, शिरपूरच्या जैन मंदिराला लांबलांबून मोटारी येतात.

आणि वेगाचा हिशेब ऐका. वेग दुप्पट झाला की खड्याच्या माराचा जोर चौपट होतो. गावच्या रस्त्यावर जो खडा नुसता टिक करून उडतो, तोच खडा वेगाच्या रस्त्यावर टवका काढतो. मग उन्हाळ्यात काच भट्टीसारखी तापते. ड्रायव्हर आत बसून एकदम गार हवा सोडतो. काच वरून गरम, आतून थंड. तेवढ्याने टवक्यातून तडा धावू लागतो. सकाळी जो ठिपका होता, तो संध्याकाळी वीतभर होतो.

काम कसे करतात, तेही सांगतो. गाडी आधी सावलीत उभी करावी. काच आपोआप निवू द्यावी. तिच्यावर गार पाणी मारू नये. टवक्यातली धूळ आणि काचेचा भुगा बारीक सुईने काढावा. मग रबरी वाटीने काचेला चिकटणारे यंत्र टवक्यावर बसवावे. यंत्राने आधी आतली हवा ओढून घ्यावी. नंतर दाब देऊन रेझिन आत भरावे. रेझिन म्हणजे पातळ डिंकासारखे द्रव्य. ते केसाएवढ्या फटीतही शिरते. मग त्यावर अतिनील किरणांचा दिवा धरावा. काही मिनिटांत रेझिन घट्ट होते. वरचा खळगा दाट रेझिनने भरून ब्लेडने सपाट करावा आणि घासून चकचकीत करावा. हातात मोजे आणि डोळ्यांना चष्मा असावा. उन्हातही अतिनील किरण असतात, म्हणून उघड्या उन्हात हे काम होत नाही. रेझिन भरण्याआधीच घट्ट होईल.

यात गिऱ्हाइकाचा फायदा मोठा. नव्या काचेपेक्षा खर्च थोडा. काच बदलली तर तिच्यावरचा फास्टॅगही नवा घ्यावा लागतो. टवका भरला तर तो तसाच राहतो. काही नव्या गाड्यांत पुढच्या काचेमागे कॅमेरा असतो. काच बदलल्यावर तो कॅमेरा यंत्राने पुन्हा जुळवावा लागतो. टवका भरल्याने हाही खर्च सहसा टळतो.

इथवर सगळे गोड गोड झाले. आता कडू ऐका.

आमच्या शाळेत एक मुलगा होता. त्याचे नाव आम्ही सांगत नाही. चौथीत असताना त्याने शाळा सोडली. घरच्या शेळ्या राखायला गेला. आम्ही दोनदा त्याच्या घरी गेलो. त्याच्या बापाने "पाठवतो, पाठवतो" म्हटले. तिसऱ्यांदा आम्ही गेलो नाही. पटावरचे त्याचे नाव कमी केले. पुढे तो पुण्याला गेला. मोटारींच्या काचा बसवणाऱ्या एका दुकानात सहा वर्षे राबला. हात असा तयार झाला, की बघणाऱ्याने बघतच राहावे. मग गावी परतून त्याने हाच धंदा मांडला. धंदा चालला.

एके दिवशी एक प्रवासी जीप आली. काचेवर चांदणीसारखा तडा, ड्रायव्हरच्या नजरेसमोर. त्याने घरातली जुनी बाटली काढली. रेझिन दाट झाले होते, पण त्याला वाटले, चालेल. बाटलीवर मुदतीची तारीख छापलेली होती. ती कधीच उलटून गेली होती. त्याला ती वाचता आली नाही. दाट रेझिन चांदणीच्या बारीक फटींत शिरलेच नाही. वरून काच गुळगुळीत दिसली. त्याने 600 रुपये घेतले, जीप गेली.

आठ दिवसांनी रात्रीच्या वेळी तो तडा वाढला. समोरून येणाऱ्या गाडीचा उजेड त्या तड्यावर पडून फाकला. ड्रायव्हरला रस्ता दिसेना. जीप कडेच्या नालीत उतरली. आत नऊ माणसे होती. खरचटण्यावर निभावले म्हणून बरे.

दुसऱ्या दिवशी जीपवाल्याने भर चौकात त्याला नको नको ते बोलून घेतले. त्याने मुकाट्याने 600 रुपये परत केले. संध्याकाळी तो आमच्या ओट्यावर येऊन बसला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "गुरुजी, हात चालते माझा. पण बाटलीवर काय लिहिलं ते मले वाचताच येत नाही."

आम्ही काय उत्तर द्यावे? ती तिसरी खेप आम्ही घातली असती, तर कदाचित त्याला ती तारीख वाचता आली असती. हे आम्ही त्याला सांगितले. तो म्हणाला, "तवा नाही आले, आता शिकवा." तो वर्गात येऊ लागला. आधी अंक शिकला, मग महिन्यांची नावे, मग मराठी अक्षरे, मग बाटलीवरची इंग्रजी अक्षरे. आता दुकानातल्या प्रत्येक बाटलीवर तो स्वतःच्या हाताने मोठ्या अक्षरांत तारीख लिहितो.

त्याने भिंतीवर एक पाटीही लावली आहे. ती त्यानेच लिहिली आहे. चार ओळी आहेत:

नजरेसमोरचा तडा भरणार नाही.
काठाला गेलेला तडा भरणार नाही.
आतल्या काचेला लागले असेल तर भरणार नाही.
भरल्यावर थोडी खूण राहते, ती आधी बघून घ्या.

ही पाटी नीट समजून घ्या. टवका कितीही चांगला भरला तरी किंचित खूण राहतेच. ती ड्रायव्हरच्या नजरेसमोर असली तर रात्री उजेड फाकतो. काठाजवळ काचेवर ताण अधिक असतो, तिथला तडा बहुधा पुन्हा धावतो. नवशिक्याने दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या टवक्यापर्यंतच हात घालावा. त्यापुढचे काम आले तर "काच बदला" म्हणून सांगावे. हातची कमाई जाते, खरे आहे. परवाच एक गिऱ्हाईक दुप्पट पैसे देत होते. त्याने नाही म्हटले. गिऱ्हाईक रागावून गेले, ते परत आले नाही. त्या महिन्यात बँकेचा हप्ता भरताना त्याची ओढाताण झाली. तरी पाटी खाली उतरली नाही.

आता पैशाचे बोलू. मुद्रा योजना 2015 साली सुरू झाली. तिच्या शिशु प्रकारात 50,000 रुपयांपर्यंत कर्ज विनातारण मिळू शकते. लहान उद्योगाची 'उद्यम' नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका. आणि कोणत्याही कागदावर, तो स्वतः वाचल्याशिवाय किंवा विश्वासाच्या माणसाकडून वाचून घेतल्याशिवाय, सही किंवा अंगठा करू नका.

हिशेब असा मांडा. समजा, एका कामाचे 500 रुपये मिळाले. रेझिन, ब्लेड, पेट्रोल मिळून 150 गेले. उरले 350. पण हे 350 सगळे आपले नव्हेत. त्यातूनच हप्ता, त्यातूनच भाडे, आणि त्यातूनच एखादे बिघडलेले काम परत करायची सोय. जो आलेले 500 रुपये खिशात घालून बाजारात जातो, त्याचा धंदा वर्ष काढत नाही.

जागा निवडताना महामार्गाच्या कडेला उभे राहू नका. तिथे थांबणे जिवावर बेतते. उतरण्याच्या फाट्यापुढे, गावाच्या रस्त्यावर, चहाच्या दुकानाजवळ, जिथे सावली आहे तिथे बसा. आणि आधी कोणाच्या तरी हाताखाली काम शिका. भंगारातून टवकलेली काच आणून तिच्यावर हात बसवा. लोकांच्या गाड्यांवर शिकू नका.

ज्यांना धंदा करायचा नाही, त्यांनीही एवढे ध्यानात ठेवावे. गाडीच्या काचेला टवका उडाला तर लगेच त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा. म्हणजे धूळ-पाणी आत जाणार नाही. आणि उद्यावर न टाकता काच दाखवून घ्या.

आता पाट्या-वह्या काढा. आजच्या पाठात तुम्ही एक पावती लिहायची आहे. वर तारीख. खाली गाडीचा नंबर. त्याखाली काय काम केले, किती पैसे घेतले, आणि रेझिनची मुदत कोणत्या महिन्यापर्यंत आहे, ते लिहा. शेवटी आपली सही करा. ज्यांना सही येत नाही त्यांनी आमच्याजवळ येऊन बसा. आपण मिळून लिहू.